प्लेऑफमधले हॉकी संघ, त्यांच्या बस आणि त्यांच्या खोल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या एका शहरात, एका हॉटेलात मी ग्रुप बुकिंगचं काम पाहते. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत परगावचे हॉकी संघ आमच्याकडे उतरतात. ते काम सोपं असतं, कारण वेळापत्रक उन्हाळ्यातच हातात आलेलं असतं. एप्रिलच्या मध्यावर प्लेऑफ सुरू झाले की मात्र माझा फोन खाली राहत नाही. त्यात संघांचे व्यवस्थापक असतात, महाराष्ट्र मंडळातले ओळखीचे असतात, इथल्या विद्यापीठांत शिकणारी मुलं असतात आणि पदवीदानाला येणारे त्यांचे आईबाबाही असतात. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मायनर लीग हॉकी म्हणजे लहान मुलांची हॉकी का?

नाही. इथे मायनर म्हणजे खालच्या पायरीवरची. खेळणारे सगळे पगारी, व्यावसायिक खेळाडू असतात आणि ही हॉकी बर्फावरची. सगळ्यात वर एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग ऊर्फ एएचएल, तिच्या खाली ईसीएचएल आणि त्याही खाली एसपीएचएलसारख्या स्वतंत्र लीग. एएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक जण एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला आहे. वर कोणी जखमी झालं की इथला खेळाडू रातोरात बॅग भरून वर जातो.

गोंधळ होतो तो कॅनडातल्या नातेवाइकांशी बोलताना. तिकडे ‘मायनर हॉकी’ म्हणजे खरोखरच मुलांची हॉकी. तुमची बहीण टोरांटोहून ‘मुलाच्या मायनर हॉकीसाठी हॉटेल बघतेय’ म्हणाली, तर ते वेगळं प्रकरण आहे आणि ही उत्तरं तिच्या कामाची नाहीत.

२. प्लेऑफ आयपीएलमध्येही असतात. मग इथेच प्रवासाची एवढी ओढाताण का?

आयपीएलचे प्लेऑफ म्हणजे चार सामने. इथे प्रत्येक फेरी ही एक मालिका असते. एएचएलमध्ये २३ संघ प्लेऑफला येतात. पहिली फेरी तीनपैकी दोन सामने जिंकणाऱ्याची, पुढच्या दोन फेऱ्या पाचपैकी तीन जिंकणाऱ्याची आणि शेवटच्या दोन सातपैकी चार जिंकणाऱ्याची. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सुरू झालेलं हे प्रकरण जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालतं. २०२५ मध्ये एएचएलचा कॅल्डर करंडक जिंकणारा ॲबट्सफर्ड कनक्स हा संघ पहिल्या फेरीपासून खेळला आणि करंडक हातात येईपर्यंत त्याचे २४ सामने झाले होते. ईसीएचएलमध्ये तर चारही फेऱ्या सातपैकी चारच्या असतात.

लोकांना वाटतं की त्रास अंतराचा असेल. अंतराची या खेळाडूंना सवय असते, बारा बारा तास बसमध्ये काढणारी मुलं आहेत ती. खरा त्रास माहीत नसण्याचा आहे. पुढचा प्रतिस्पर्धी कोण, हे तो त्याची मालिका जिंकेपर्यंत कळत नाही. तो कळला तरी सामने कुठल्या दिवशी, हे दोन्ही गावांतली स्टेडियमं कधी मोकळी आहेत त्यावर ठरतं. आणि तारखा ठरल्या तरी शेवटच्या एक-दोन सामन्यांपुढे ‘गरज पडल्यास’ असं लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांभोवती माझे दोन महिने फिरतात.

३. मग संघ हॉटेल कधी आणि कसं ठरवतो?

मार्च संपता संपताच. संघाच्या प्रवासाचं बघणारा माणूस गुणतक्ता समोर ठेवून तीन-चार शहरांतल्या हॉटेलांना फोन लावतो. छोट्या संघांत हे काम सहायक प्रशिक्षकच करतो. ‘तिसरे आलो तर तुमच्याकडे, चौथे आलो तर दुसरीकडे,’ अशी त्याची सुरुवात असते. मी त्याच्या नावावर खोल्या धरून ठेवते, पण कच्च्या. करारात एक दिवस लिहिलेला असतो, त्याच्या आत त्याने हो म्हणायचं, नाहीतर खोल्या बाजारात परत जातात. नेहमीच्या गटांना हा दिवस महिनाभर आधीचा असतो. प्लेऑफमध्ये तो अठ्ठेचाळीस तासांवर येतो, कधी चोवीसवर.

हॉटेलच्या बाजूनेही हे सोपं नाही. पंचवीस खोल्या तीन रात्री धरून ठेवायच्या आणि त्या संघाचं आव्हान दोन गावं पलीकडे संपलं तर सगळ्या रिकाम्या. म्हणून काही हॉटेलं प्लेऑफचे गट घेतच नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, पण आम्ही घेतो आणि घ्यावेत असं माझं मत आहे. जो संघ हिवाळ्यात चार वेळा येऊन उतरला, त्याला गरजेच्या आठवड्यात दार बंद करणं बरं नव्हे.

एका वर्षी माझ्याच हातून मोठी चूक झाली. पाच सामन्यांची मालिका होती. आमच्या गावच्या संघाने घरचे पहिले दोन्ही सामने जिंकले. पुढचे दोन पाहुण्यांच्या गावी आणि पाचवा, गरज पडल्यास, परत आमच्याकडे. २-० अशी मालिका परतत नाही, असं वरून सांगण्यात आलं. एका लग्नाचं वऱ्हाड खोल्या मागत होतं आणि मी पाचव्या सामन्याच्या खोल्या सोडून दिल्या. पाहुण्यांनी आपल्या घरी दोन्ही सामने जिंकले. दोन दिवसांनी त्यांची बस आमच्या गावाकडे निघाली तेव्हा मी हायवेवरच्या दोन मोटेलांत, गावापासून चाळीस किलोमीटरवर, त्यांची अर्धी-अर्धी सोय लावत होते. जेवायला एकत्र बसायला जागा नाही, सकाळी बसच्या दोन फेऱ्या. त्यांच्या इक्विपमेंट मॅनेजरने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून मालिका संपल्याची शिट्टी वाजेपर्यंत मी एकही खोली सोडत नाही.

४. एका संघाला किती खोल्या लागतात?

सामन्यात वीस खेळाडू उतरतात, पण प्रवासाला जास्त निघतात, कारण प्लेऑफमध्ये कोण कधी जखमी होईल सांगता येत नाही. प्रशिक्षक, फिजिओ, इक्विपमेंटवाले, रेडिओवर समालोचन करणारा आणि ड्रायव्हर धरून आमच्याकडे साधारण पस्तीस माणसं येतात. खेळाडू दोघांत एक खोली, बाकीच्यांना बहुधा स्वतंत्र. बावीस ते पंचवीस खोल्या, शक्यतो एकाच मजल्यावर, लिफ्ट आणि बर्फाच्या मशीनपासून लांब. पलंग दोन हवेत. सहा फूट तीन इंचांच्या दोन माणसांना एका पलंगाची खोली दिली तर फ्रंट डेस्कवर काय होतं ते मी पाहिलं आहे.

शिवाय जेवणासाठी हॉल लागतो. सामना संध्याकाळी सातला असेल तर मुख्य जेवण दुपारी एकच्या सुमाराला असतं, चिकन, पास्ता, भात, सॅलड. त्यानंतर सगळे झोपतात. मे महिन्यात हॉल लग्नांना आणि पदवीदानाच्या मेजवान्यांना गेलेला असतो, म्हणून खोल्या मिळाल्या तरी हॉल मिळत नाही. एकदा आम्ही लॉबीचा एक कोपरा पडदे लावून बंद केला आणि तिथे पंगत बसवली.

५. चेक-आउट सकाळी अकराला आणि सामना संध्याकाळी सातला. मधल्या वेळात संघ काय करतो?

सगळ्यात जास्त वाटाघाटी याच्यावर होतात. सामन्याच्या दिवशी दुपारची झोप ही चैन नाही, ती तयारीचाच भाग आहे. म्हणून संघ चार-साडेचारपर्यंत खोल्या मागतो. मोकळा आठवडा असेल तर मी देते, बाकी वेळी अर्ध्या दिवसाचं भाडं. पण त्या रात्री त्याच खोल्या दुसऱ्या कुणाला दिलेल्या असतील तर हाउसकीपिंगच्या बायकांना साडेचार ते सहा या दीड तासात पंचवीस खोल्या लावाव्या लागतात. तो भार कुणाच्या अंगावर पडतो हे संघाला दिसत नाही, म्हणून मी ते फोनवरच सांगते. ऐकल्यावर बहुतेक जण दहा-बारा खोल्या सकाळीच सोडतात आणि उरलेल्यांत दाटीवाटीने झोपतात.

६. विमानाने का जात नाहीत?

काही जातात. एएचएलच्या पॅसिफिक विभागात एका टोकाला ब्रिटिश कोलंबियातलं ॲबट्सफर्ड आणि दुसऱ्या टोकाला ॲरिझोनातलं टूसॉन. तिथे बस चालत नाही. पण आमच्या भागात शहरं जवळ आहेत. सिरॅक्यूजहून यूटिका पाऊण-एक तासावर, हर्शीहून ॲलनटाउन दीड तासावर. अशा मालिकांत पाहुणा संघ कित्येकदा हॉटेल घेतच नाही. सामना संपवून घरी परततो आणि दोन दिवसांनी पुन्हा येतो.

अडचण मधल्या अंतरांची आहे. आठशे ते दोन हजार किलोमीटर. बसने गेलं तर अख्खा दिवस आणि पाठ दोन्ही जातात. विमानाने जायचं तर तीन दिवसांवर आलेल्या तारखेला पस्तीस जणांची तिकिटं एका विमानात मिळायला हवीत, शिवाय प्रत्येकाची मोठी बॅग, काठ्यांचे गठ्ठे, स्केटच्या पात्यांना धार लावायचं मशीन. छोट्या गावांच्या विमानतळांवरून उडणारी विमानं लहान असतात. संघ दोन विमानांत विभागला जातो आणि सामान तिसऱ्यातून येतं. म्हणून बरेच संघ माणसं विमानाने आणि सामान ट्रकने असं करतात.

नकाशावर जवळ आणि रस्त्याने लांब, असंही असतं. मिलवॉकी आणि ग्रँड रॅपिड्स ही गावं मिशिगन सरोवराच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. बसला मात्र शिकागोला वळसा घालून चारशे किलोमीटरहून जास्त जावं लागतं, आणि शिकागोची वाहतूक काय असते ते तिथल्या मराठी मंडळींना विचारा.

७. ड्रायव्हर एकटाच रात्रभर चालवतो का?

जवळच्या प्रवासात हो, पण कायद्याच्या मर्यादेत. अमेरिकेत प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग ८ तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त १० तास गाडी चालवता येते, आणि एकूण ड्युटी १५ तासांची झाली की त्यानंतर चालवता येत नाही. कॅनडात हेच आकडे १३ आणि १४ आहेत. त्यामुळे लांबच्या प्रवासाला दुसरा ड्रायव्हर वाटेतल्या एखाद्या गावी आधीच पाठवून ठेवतात. तिथे बस थांबते, ड्रायव्हर बदलतो, मुलं झोपेतच असतात. ईसीएचएलमध्ये पुष्कळ संघांकडे स्लीपर बस आहेत, आपल्याकडच्या पुणे-नागपूर ट्रॅव्हल्ससारख्या.

हॉटेलवाल्यांसाठी यातला मुद्दा असा, की ड्रायव्हरची खोली सगळ्यात महत्त्वाची. तो दिवसा झोपतो. त्याच्या दारावर कुणी टकटक केली आणि त्याची झोप मोडली, तर रात्री पस्तीस जीव त्याच्या हातात आहेत. मी त्याची खोली मागच्या बाजूला, अंधारी, संघापासून वेगळी देते आणि हाउसकीपिंगच्या यादीतून तिचा नंबर काढून टाकते. बस उभी करायला जागा हवी हे वेगळं सांगायला नको, पण पंचेचाळीस फुटांची बस उभी राहील अशी जागा निम्म्या हॉटेलांकडे नसते.

८. ताई, माझा मुलगा अशा संघाबरोबर इंटर्न म्हणून जाणार आहे. बसचा प्रवास सुरक्षित असतो का?

आकडेवारी सांगून आईची काळजी जात नाही, म्हणून जे माहीत आहे ते सांगते. ६ एप्रिल २०१८ रोजी कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनियर संघाची बस प्लेऑफच्या सामन्यासाठी निपविनला जात असताना एका चौकात ट्रकची आणि तिची धडक झाली. ट्रक थांबण्याच्या खुणेपाशी थांबला नव्हता. १६ जण गेले, १३ जखमी झाले. तो व्यावसायिक संघ नव्हता, कोवळी मुलं होती. पण या खेळातल्या प्रत्येक माणसाला ती बस आपलीच वाटली. त्या आठवड्यात लोकांनी घरांच्या दाराबाहेर हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या.

अमेरिकेत २०१६ च्या नोव्हेंबरनंतर बनलेल्या मोठ्या बसमध्ये आणि कॅनडात २०२० च्या सप्टेंबरपासून बनलेल्या मध्यम व मोठ्या बसमध्ये सीटबेल्ट बंधनकारक आहेत. मुलाला एवढंच सांगा, की बसमध्ये बेल्ट लावून बसायचं, बाकीचे हसले तरी. आणि बस जुनी असेल तर बेल्ट आहेत का ते आधी विचारायचं. ड्रायव्हरच्या तासांबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलं आहे.

९. २-२-१, २-३, २-३-२ हे आकडे कसले?

कुणाच्या घरी किती सामने, त्याचा क्रम. २-२-१ म्हणजे दोन एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, पाचवा परत पहिल्याकडे. न्याय्य, पण प्रवास जास्त. गावं लांब असली की २-३ करतात. वरचा क्रमांक असलेल्या संघाला तीन सामने घरी मिळतात, पण सुरुवातीचे दोन बाहेर खेळावे लागतात. पाहुणे एकदाच येतात आणि तिथेच राहतात.

अंतिम फेरीत २-३-२ असतं. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातला हर्शी बेअर्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला कोचेला व्हॅली फायरबर्ड्स समोरासमोर आले. दोन गावांत रस्त्याने चार हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. पहिले दोन सामने कॅलिफोर्नियात, मधले तीन हर्शीत, मग पुन्हा कॅलिफोर्नियात. सातवा सामना जादा वेळेत गेला आणि हर्शीने तो ३-२ असा जिंकला. पुढच्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा अंतिम फेरीत आले. या वेळी क्रम उलटा होता आणि हर्शीने आपल्या घरी सहाव्या सामन्यात करंडक राखला.

२-३-२ चा तोटा मधल्या तीन सामन्यांत दिसतो. पाहुणा संघ आठवडाभर एकाच हॉटेलात अडकतो. कपडे धुवायचे असतात, फिजिओला टेबल लावायला एक खोली द्यावी लागते, तेच तेच जेवण चौथ्या दिवशी कुणी खात नाही. मी एका संघाला पाचव्या दिवशी डाळ-भात आणि बटाट्याची भाजी करून घातली होती, शेफच्या परवानगीने. दोघांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

१०. जवळचा प्रतिस्पर्धी निवडता येतो का?

एएचएल आणि ईसीएचएलमध्ये नाही. एसपीएचएलने मात्र २०१८ मध्ये वरच्या तीन संघांना पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी निवडायची मुभा दिली. निवडताना समोरचा संघ किती तगडा आहे हे बघायचे, पण बसचा प्रवास किती, हाही विचार असायचाच.

११. प्लेऑफच्या वेळी स्वतःचंच स्टेडियम मिळत नाही असं होतं का?

होतं, आणि यात नवीन काही नाही. १९२८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सना स्टॅनली करंडकाची अंतिम फेरी सबंध माँट्रियलमध्ये खेळावी लागली, कारण त्यांच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्कस उतरली होती. तरी ते जिंकले. १९५० मध्ये पुन्हा सर्कस आडवी आली आणि त्यांचे घरचे दोन सामने टोरांटोत झाले. हे एनएचएलचं झालं, जिथे पैसा आहे.

मायनर लीगची स्टेडियमं बहुतेक ठिकाणी संघाच्या मालकीची नसतात, काउंटीची किंवा शहराची असतात. तिथे मेमध्ये शाळांचे पदवीदान समारंभ, गाण्याचे कार्यक्रम, लहान मुलांचे शो असतात आणि ते वर्षभर आधी ठरलेले असतात. रॉचेस्टरच्या ब्ल्यू क्रॉस अरीनात लॅक्रॉस या खेळाचा संघही खेळतो आणि त्याचे प्लेऑफ त्याच सुमाराला येतात. अशा वेळी सामने मागेपुढे होतात, दोन सामन्यांत चार दिवसांची फट पडते आणि पाहुण्यांपुढे प्रश्न येतो, की चार दिवस हॉटेलात राहायचं की घरी जाऊन यायचं. पाच तासांच्या आत घर असेल तर जातात. त्याहून लांब असेल तर माझ्याकडे फोन येतो.

१२. कॅनडाची सीमा ओलांडताना काय अडतं?

आमच्या नॉर्थ विभागात सात संघ आहेत. त्यांतले टोरांटो, बेलव्हिल आणि लावाल हे कॅनडातले. २०२५ मध्ये लावाल आणि रॉचेस्टर यांची विभागीय अंतिम मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली. अशा मालिकेत बस पुन्हा पुन्हा सीमेवरून जाते, तीही बहुधा मध्यरात्री.

संघातल्या नेहमीच्या खेळाडूंचे कागद तयार असतात. अडतात ते हंगामाच्या शेवटी, युरोपातून किंवा ज्युनियर लीगमधून आलेले नवे खेळाडू. रशियन पासपोर्टवाल्याला अमेरिकेत खेळायचा व्हिसा असला तरी कॅनडात शिरायला वेगळा व्हिसा लागतो आणि तो तीन दिवसांत मिळत नाही. मग तो मागे राहतो. सामानाची यादी, औषधं, बसमध्ये उरलेली फळं यावरही वेळ जातो. म्हणून अनुभवी संघ दोन तास जास्तीचे धरून निघतात. मी अशा रात्री फ्रंट डेस्कला सांगून ठेवते, की किल्ल्या पाकिटांत भरून, नावं लिहून तयार ठेवा. पहाटे चारला आलेल्या माणसाकडे ओळखपत्र मागत बसायचं नाही, ते काम यादीवरून आधीच झालेलं असतं.

१३. मी इथे विद्यार्थी आहे, भारतीय पासपोर्ट आहे. लावालला सामना बघायला जाता येईल का?

कॅनडाचा व्हिसा असेल तरच. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा कॅनडात चालत नाही. परतीसाठी आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, विद्यापीठाची प्रवासाची सही ताजी आहे का तेही बघा. प्लेऑफची तारीख कळल्यावर अर्ज करून उपयोग नाही, थंडीतच करा. आणि एक सावधगिरीचा शब्द: ‘ऑन्टॅरियो रेन’ हा संघ कॅनडातला नाही. तो कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरियो नावाच्या शहरातला आहे. मागे एकाने टोरांटोला हॉटेल घेऊन ठेवलं होतं.

१४. सामना मध्यरात्रीपर्यंत चालला तर?

प्लेऑफमध्ये बरोबरी नसते. गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव चालतात. ९ मे २०१८ ला शार्लटमध्ये लीहाय व्हॅली फँटम्स आणि शार्लट चेकर्स यांचा सामना पाचव्या जादा डावात संपला, रात्री एक वाजून गेल्यावर. एएचएलच्या इतिहासातला हा सगळ्यात लांब सामना, १४६ मिनिटं ४८ सेकंदांचा. लीहाय व्हॅलीचा गोलरक्षक ॲलेक्स लायन याने ९४ फटके अडवले.

त्या आकड्यामागे हॉटेलवाल्यांना दुसरं चित्र दिसतं. खेळाडूंनी शेवटचं पोटभर जेवण बारा तासांपूर्वी घेतलेलं. गावातली सगळी स्वयंपाकघरं बंद. ड्रायव्हरचं ड्युटीचं घड्याळ दुपारपासून चालू, त्यामुळे रात्रीच निघायचा बेत असेल तर तो बेकायदा ठरू शकतो आणि पस्तीस माणसांना ऐन वेळी रात्रीपुरती जागा लागते. ओली झालेली सगळी उपकरणं वाळवायला इक्विपमेंट मॅनेजर स्टेडियममध्येच थांबतो आणि पहाटे येतो. म्हणून दुसरा जादा डाव सुरू झाला की मी किचनला फोन करते आणि भात, चिकन, केळी, ब्रेड काढून ठेवायला सांगते. न खाल्लेलं सकाळी कर्मचारी नेतात, वाया जात नाही.

१५. खेळाडूंची स्वतःची घरं असतात ना? मग घरच्या सामन्यांनाही ते हॉटेलात का दिसतात?

कारण घराचा करार एप्रिलअखेरचा असतो. नियमित हंगाम एप्रिलच्या मध्यात संपतो. प्लेऑफ चालू राहिले तर घरमालकाकडे महिन्या-महिन्याची मुदतवाढ मागावी लागते आणि पुढचा भाडेकरू ठरलेला असेल तर ती मिळत नाही. मग बायको-मुलांना आपल्या गावी पाठवून खेळाडू हॉटेलात येतो. ईसीएचएलमध्ये राहण्याची सोय संघाकडून होते, त्यामुळे हा प्रश्न खेळाडूऐवजी संघाला सोडवावा लागतो. शिवाय आपला हंगाम संपलेल्या खालच्या लीगमधून आणि विद्यापीठांतून नवे खेळाडू याच वेळी येतात. त्यांचं तर गावात काहीच नसतं.

‘आमच्याकडे एक खोली आहे, कुणाला ठेवून घेऊ का?’ असं मंडळातल्या दोघा-तिघांनी विचारलं होतं. ती पद्धत ज्युनियर हॉकीत आहे. तिथे कुटुंबं मुलांना हंगामभर घरी ठेवून घेतात. व्यावसायिक संघात ती नाही.

१६. सगळ्यात अवघड गाव कोणतं?

माझ्या मते न्यूफाउंडलँडचं सेंट जॉन्स. बेटावर आहे, बसने थेट जाताच येत नाही आणि घड्याळ भारतासारखं अर्ध्या तासाच्या हिशेबाचं. २०१४ ची कॅल्डर करंडकाची अंतिम फेरी टेक्सासच्या सीडर पार्कमध्ये सुरू झाली आणि मधले तीन सामने सेंट जॉन्सला झाले, अडीच तास पुढच्या घड्याळात. टेक्सास स्टार्सने तिथेच, पाचव्या सामन्यात करंडक जिंकला. सेंट जॉन्सचा आइसकॅप्स संघ २०१७ मध्ये लावालला गेला. नंतर ईसीएचएलचा ग्रोलर्स संघ आला, २०१९ मध्ये केली करंडक जिंकला आणि २०२४ मध्ये बंद झाला. अलास्कातल्या अँकरेजचा एसेस संघही असाच. तीन वेळा करंडक जिंकूनही २०१७ मध्ये संपला.

१७. संघ कुठल्या हॉटेलात उतरलाय, सांगाल का?

नाही. ओळखीचे असाल तरी नाही.

१८. मुलीचं पदवीदान मेमध्ये आहे. सगळी हॉटेलं भरलेली किंवा भाव तिप्पट. हे हॉकीमुळे का?

मुख्यतः पदवीदानामुळेच. सिरॅक्यूज आणि रॉचेस्टरची विद्यापीठं मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पदवीदान करतात, इथाकाचं कॉर्नेल मेच्या अखेरीला. हॉकीच्या विभागीय फेऱ्या नेमक्या त्याच दिवसांत येतात आणि उरल्यासुरल्या वीस-पंचवीस खोल्या एकदम जातात. हे इथेच होतं असं नाही. कोचेला व्हॅलीत एप्रिलमध्ये दोन शनिवार-रविवार मोठा संगीत महोत्सव असतो, लगेच पुढे दुसरा, आणि फायरबर्ड्सचे प्लेऑफ त्याला लागून. तिथे पाहुण्या संघांना आमच्याहून जास्त पैसे मोजावे लागतात.

पदवीदानाची तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खूप आधी येते. भारतातून येणार असाल तर व्हिसाची वाट बघू नका. रद्द करता येईल अशी खोली वर्षभर आधी घेऊन ठेवा.

१९. तेवढं आधी जमलं नाही. संघ हरला तर त्यांच्या खोल्या आम्हाला मिळतील का?

मिळतात, पण वेळ साधावी लागते. हरलेला संघ बहुधा त्याच रात्री बसने घरी निघतो आणि पुढच्या रात्रींच्या खोल्या रद्द करतो. माझ्याकडे तो निरोप मध्यरात्रीनंतर येतो, मी त्या सकाळी सातच्या सुमाराला यंत्रणेत परत टाकते आणि नऊपर्यंत वेबसाइटवरून त्या उडतात. म्हणून वेबसाइट बघत बसू नका. मालिकेत कोण किती पुढे आहे ते बघा. एखादा संघ हरला तर बाहेर पडणार असेल, तर त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थेट हॉटेलला फोन करा आणि रिझर्व्हेशनऐवजी ग्रुप बुकिंगचा विभाग मागा. सामन्याआधी फोन करून ‘ते हरले तर मला द्या’ असं सांगितलंत तरी चालेल, मी नाव लिहून ठेवते. एका खोलीत दोन मोठे पलंग असतात, त्यामुळे चौघांची सोय होते. संघाचा मजला रिकामा झाल्यावर खोल्यांना थोडा घामाचा वास राहतो, तेव्हा खिडकी उघडणारी खोली मागून घ्या.